लेव्हीचं पाकीट हातात आल्यावर: वॉशिंग्टन राज्यातल्या ग्रामीण शाळांच्या निधी-मतदानाचं परीक्षण

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात २९५ स्कूल डिस्ट्रिक्ट (सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्था) आहेत. त्यांतले बरेचसे शेतीच्या किंवा जंगलाच्या पट्ट्यातले, पटसंख्या जेमतेम काही शेकड्यांची. दर दोन-चार वर्षांनी हे डिस्ट्रिक्ट मतदारांपुढे येतात आणि विचारतात: शाळेसाठी तुमच्या घरा-जमिनीवर इतका कर लावू का? ठरावीक वर्षांच्या या करालाच लेव्ही म्हणतात. सिअॅटलच्या आसपास राहणाऱ्या मराठी घरांना हा प्रकार ऐकून माहीत असतो. पण एखाद्या छोट्या गावात घर घेतलं, की पहिल्याच फेब्रुवारीत त्याची खरी गाठ पडते.

हे परीक्षण शाळांचं नाही. शाळा मतदाराकडे पैसे मागते तेव्हा त्याच्या हातात जे जे पडतं, त्याचं आहे: मतपत्रिका, डिस्ट्रिक्टचं माहितीपत्रक, मतदार पुस्तिका, काउंटी असेसरचं (मालमत्तेचं मूल्य ठरवणाऱ्या अधिकाऱ्याचं) पान, टपालानं मत देण्याची सोय आणि शेवटी येणारं टॅक्स बिल. आमचं मत सुरुवातीलाच सांगतो. लेव्हीची यंत्रणा मुळात प्रामाणिक आहे, लोक समजतात त्यापेक्षा बरीच न्याय्य आहे. फक्त तिची मांडणी मतदाराला चुकीच्या आकड्याकडे पाहायला लावते. बॉन्डची, म्हणजे इमारतीसाठी कर्ज काढून ते करातून फेडण्याची, यंत्रणा मात्र लहान गावांच्या मुळावर येणारी आहे, आणि ती कितीही चांगल्या माहितीपत्रकानं सुधारणार नाही.

लेव्ही कशासाठी लागते

राज्य सरकार शाळांना पैसे देतं ते एका प्रारूप शाळेच्या हिशेबानं. प्राथमिक शाळा ४०० मुलांची, मिडल स्कूल ४३२ मुलांचं, हायस्कूल ६०० मुलांचं धरून किती शिक्षक, किती कर्मचारी लागतील ते ठरवतात आणि प्रत्यक्ष पटाच्या प्रमाणात पैसे पाठवतात. त्या ४०० मुलांमागे एक पूर्ण वेळ नर्सही हिशेबात बसत नाही. अगदी लहान आणि दूरच्या शाळांना वेगळी सवलत आहे, तरी नर्स, समुपदेशक, खेळाचे प्रशिक्षक, बँड, मूळ वेळापत्रकाबाहेरच्या बसफेऱ्या यांचा मोठा भाग स्थानिक लेव्हीवर चालतो. २०१२ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं मॅक्लिअरी खटल्यात मूलभूत शिक्षणाचा खर्च राज्यानंच पुरेसा उचलला पाहिजे असं ठणकावलं. २०१७ मध्ये विधिमंडळानं राज्याचा शालेय कर वाढवला आणि स्थानिक लेव्हीवर मर्यादा घातली. २०१९ मध्ये ती मर्यादा पुन्हा सैल केली: मालमत्तेच्या दर १००० डॉलर मूल्यामागे २.५० डॉलर किंवा दर विद्यार्थ्यामागे ठरवून दिलेली रक्कम, यांपैकी जे कमी भरेल ते. हा इतिहास इथं एवढ्यासाठीच, की ‘न्यायालयानं सांगितलं ना, मग आता लेव्ही कशाला?’ हा प्रश्न प्रत्येक सभेत येतो. उत्तर: राज्यानं मूलभूत शिक्षणाची जी व्याख्या केली आहे, त्यापलीकडचं सगळं अजूनही लेव्हीतच आहे.

मतपत्रिका: बरोबर आकडा, चुकीच्या जागी

मतपत्रिकेवर प्रस्तावाचं वर्णन ७५ शब्दांत बसवावं लागतं. त्याखाली सहसा एक तक्ता असतो आणि त्यात तीन गोष्टी: वसुलीचं वर्ष, १००० डॉलरमागे अंदाजे दर, आणि त्या वर्षाची एकूण रक्कम. मतदाराची नजर हमखास मधल्या आकड्यावर जाते. गावातल्या चर्चाही त्याच्यावरच होतात, ‘दर वाढला का घटला’. खरं म्हणजे तिन्हींत सर्वांत कच्चा आकडा तोच. मतदार मंजूर करतो ती रक्कम. दर हा निव्वळ अंदाज.

हिशेब मांडून पाहा. समजा, एका डिस्ट्रिक्टमधल्या सगळ्या मालमत्तेचं मिळून करपात्र मूल्य ४० कोटी डॉलर आहे आणि लेव्ही वर्षाला ८ लाख डॉलरची. दर झाला १००० मागे २ डॉलर. तीन लाख डॉलरच्या घराला वर्षाला ६०० डॉलर पडले. आता बाजार चढला आणि डिस्ट्रिक्टचं एकूण मूल्य ५० कोटी झालं. शाळेला मिळणार तेच ८ लाख, म्हणून दर उतरून १.६० होतो. ते घरही सगळ्यांच्याच प्रमाणात वाढून ३ लाख ७५ हजारांचं झालं असेल, तर बिल पुन्हा ६०० डॉलरच. फरक कोणाला पडतो? ज्याचं घर गावाच्या सरासरीपेक्षा जास्त चढलं त्याला. तेच घर ४ लाख २० हजारांवर गेलं तर ६७२ डॉलर भरावे लागतील, आणि ते वाढीव ७२ डॉलर शाळेच्या तिजोरीत जादा म्हणून पडत नाहीत, ज्यांची घरं कमी चढली त्यांचा भार तेवढा हलका होतो. ‘घराची किंमत वाढली की शाळा आपोआप मालामाल होते’ हा समज लेव्हीच्या बाबतीत साफ चुकीचा आहे.

याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची, आणि ती डिस्ट्रिक्टच्या सोयीची नाही. चार वर्षांच्या लेव्हीच्या तक्त्यात दर चारही वर्षं २.०० असा सपाट दिसतो, आणि शेजारच्या रकान्यात रक्कम मात्र ८,००,०००, मग ८,४०,०००, मग ८,८२,०००, मग ९,२६,१०० अशी चढत जाते. म्हणजे मालमत्तेचं मूल्य दर वर्षी ५ टक्क्यांनी वाढेल असं धरलेलं आहे. तसं वाढलं नाही तर रक्कम तीच राहील आणि दर चढेल (राज्याच्या कमाल मर्यादेला टेकेपर्यंत). ‘दर वाढणार नाही’ हे वाक्य त्यामुळे खोटं नसतं, पण अर्धंच असतं. नेहमी रकमेचा रकाना वाचा. पहिल्या वर्षाची रक्कम संपत असलेल्या लेव्हीच्या शेवटच्या वर्षाच्या रकमेशी ताडून पाहा. नवी वाढ किती हे कळायला दुसरा मार्ग नाही.

लेव्हीच्या नावातला ‘रिप्लेसमेंट’ हा शब्दही असाच घोटाळ्याचा. त्याचा अर्थ एवढाच, की जुनी लेव्ही संपते आहे आणि तिच्या जागी ही येते. रक्कम तीच आहे असं त्यात कुठंही म्हटलेलं नसतं. उलट बाजूनं, ‘हा नवा कर आहे’ असं समजून विरोधात मत देणारेही पुष्कळ असतात, आणि तेही चुकीचं. मंजूर झाली नाही तर जुनी लेव्ही आपोआप चालू राहत नाही, ती संपते.

एक श्रेय मात्र द्यायलाच हवं. वॉशिंग्टनमध्ये कर पूर्ण बाजारमूल्यावर मोजतात आणि दर १००० मागे सांगतात. ओहायोमध्ये हाच हिशेब ‘मिल’मध्ये असतो, तोही बाजारमूल्याच्या ३५ टक्क्यांवर. तिथं एक मिल म्हणजे एक लाखाच्या घराला ३५ डॉलर, हे पाठच करून ठेवावं लागतं. त्या मानानं वॉशिंग्टनचा मतदार सुखी आहे: घराच्या किमतीतले शेवटचे तीन आकडे झाका, उरलेल्याला दरानं गुणा, झालं.

डिस्ट्रिक्टचं माहितीपत्रक

इथं दर्जा डिस्ट्रिक्टगणिक बदलतो. कायद्यानं डिस्ट्रिक्टला प्रचार करता येत नाही. शाळेचा ईमेल, शाळेचं झेरॉक्स मशीन, कर्मचाऱ्याची कामाची वेळ, यांतलं काहीही ‘होय म्हणा’ असं सांगायला वापरलं तर राज्याच्या पब्लिक डिस्क्लोजर कमिशनकडे तक्रार होते. वस्तुस्थिती सांगता येते, आणि कमिशनच्या मार्गदर्शनानुसार एका प्रस्तावामागे सगळ्या डिस्ट्रिक्टभर एक वस्तुनिष्ठ पत्रक पाठवणं हा नेहमीच्या कामाचा भाग धरला जातो. म्हणजे संधी जवळजवळ एकच, आणि बरेच डिस्ट्रिक्ट ती मुलांचे हसरे फोटो छापून वाया घालवतात.

चांगलं पत्रक कसं ओळखावं? त्यात संपणारी रक्कम आणि नवी रक्कम शेजारी शेजारी असतात. मागच्या वर्षी लेव्हीचे पैसे कुठं गेले ते माणसांच्या संख्येत लिहिलेलं असतं: किती शिक्षक, किती तास नर्स, किती बसमार्ग. ‘विद्यार्थ्यांच्या यशासाठी गुंतवणूक’ या वाक्यातून कोणाला काही कळत नाही. ‘लेव्हीतून ३ शिक्षक, अर्धवेळ नर्स आणि संध्याकाळची खेळानंतरची बस’ यातून कळतं. तिसरी गोष्ट म्हणजे मालमत्तेच्या मूल्याची वाढ किती टक्के धरली आहे, ते उघड सांगितलेलं असतं.

चौथी गोष्ट बहुतेक पत्रकांत शेवटच्या ओळीत लपलेली असते आणि ग्रामीण मतदारासाठी तीच सर्वांत मोठी. तिचं नाव लोकल एफर्ट असिस्टन्स. ज्या डिस्ट्रिक्टमध्ये दर विद्यार्थ्यामागे करपात्र मालमत्ता कमी, त्यांना राज्य वरून भर घालतं. पण अट अशी, की स्थानिक मतदारांनी आधी लेव्ही मंजूर केलेली असली पाहिजे. पूर्ण मदत हवी तर लेव्हीचा दर १००० मागे किमान १.५० डॉलर लागतो. त्याहून कमी असेल तर मदत त्याच प्रमाणात कापली जाते, आणि लेव्ही पडली तर मदत शून्य. त्यामुळे गरीब डिस्ट्रिक्टमध्ये ‘नाही’ म्हणणारा मतदार आपले पैसे वाचवतो, पण त्याबरोबर राज्यभरच्या करातून आपल्या गावाला येणारे पैसेही परत पाठवतो. हा मुद्दा पहिल्या पानावर ठळक छापला पाहिजे. तुमच्या डिस्ट्रिक्टच्या पत्रकात तो नसेल तर डिस्ट्रिक्टचा कारभार पाहणाऱ्या बोर्डाच्या सभेत थेट विचारा: लेव्ही मंजूर झाली तर राज्याची भर किती, आणि पडली तर किती जाईल? सुपरिंटेंडंटकडे, म्हणजे डिस्ट्रिक्टच्या मुख्य अधिकाऱ्याकडे, हा आकडा असतोच.

आणि पत्रकावर समाधान झालं नाही तर डिस्ट्रिक्टचं अंदाजपत्रक पाहा. ते एफ-१९५ नावाच्या फॉर्ममध्ये असतं, वर्षअखेरचा ताळेबंद एफ-१९६ मध्ये, आणि दोन्ही सार्वजनिक कागदपत्रं आहेत. त्यात वर्षअखेरची शिल्लक बघा. शिल्लक दिसली की ‘शाळेकडे पैसा पडून आहे’ अशी ओरड होते. पण मालमत्ता कराचे हप्ते ३० एप्रिल आणि ३१ ऑक्टोबर असे दोनच. मधल्या महिन्यांचे पगार या शिल्लकीतूनच होतात. फुगलेली शिल्लक आणि हातखर्चाची शिल्लक यांतला फरक तीन-चार वर्षांचे आकडे ओळीनं मांडल्यावरच दिसतो.

असेसरचं पान आणि टॅक्स बिल

काउंटी असेसरच्या संकेतस्थळावर पत्ता किंवा पार्सल नंबर (जमिनीच्या तुकड्याचा क्रमांक) टाकला की तुमच्या मालमत्तेचं मूल्य आणि सगळे दर मिळतात. ही सेवा बहुतेक ठिकाणी चांगली आहे. एकच सूचना: तिथलं मूल्य चालू वर्षाच्या कराचं आहे की पुढच्या, ते पाहून घ्या. यंदा जे मूल्य ठरतं त्यावर कर पुढच्या वर्षी लागतो.

बिलावर मात्र एक जागा अशी आहे, जिथं भले भले गोंधळतात. ‘स्टेट स्कूल’ या नावानं दोन ओळी असतात, भाग १ आणि भाग २. दुसरी ओळ २०१८ पासून आली, मॅक्लिअरीच्या निकालानंतर. त्याखाली गावच्या डिस्ट्रिक्टची वेगळी ओळ. पहिल्या दोन ओळींचे पैसे राज्याच्या तिजोरीत जातात आणि राज्यभर वाटले जातात. मतपत्रिकेवरच्या लेव्हीशी त्यांचा संबंध नाही. ‘शाळेसाठी आधीच दोनदा कर भरतो’ ही तक्रार इथून उगवते. ओळींची नावं थोडी स्पष्ट ठेवली असती तर निम्मे वाद झाले नसते.

गावात शेतजमीन किंवा जंगलजमीन असेल तर तिचं मूल्य बाजारभावानं न धरता सध्याच्या वापरानुसार धरता येतं. शेतकऱ्यासाठी ही सवलत रास्तच आहे. पण एकूण करपात्र मूल्य त्यामुळे कमी राहतं, वर सरकारी जंगलाला मालमत्ता कर नाही. डिस्ट्रिक्टचा नकाशा मोठा आणि करपात्र भाग छोटा, म्हणून तेवढीच रक्कम उभी करायला घरांवरचा दर चढा पडतो. किंग काउंटीतल्या (सिअॅटलकडच्या) मित्राचा दर आणि आपला दर यांची तुलना करून ‘आमची शाळा उधळी आहे’ असा निष्कर्ष काढू नका.

घरात आई-वडील राहत असतील आणि घर त्यांच्या नावावर असेल, तर हे जरूर तपासा: वय ६१ किंवा त्याहून जास्त, किंवा अपंगत्वामुळे निवृत्त, आणि उत्पन्न त्या काउंटीसाठी ठरलेल्या मर्यादेत असेल, तर मतदारांनी मंजूर केलेल्या जादा लेव्हींमधून त्या राहत्या घराला सूट मिळते. अर्ज असेसरकडे करायचा. आधीच्या वर्षांत पात्र असूनही अर्ज राहिला असेल तर तीन वर्षांपर्यंतचा परतावा मागता येतो. कितीतरी ज्येष्ठ मतदार ‘परवडत नाही’ म्हणून लेव्हीविरुद्ध मत देतात, आणि ती लेव्ही त्यांना लागूच होणार नसते. माहितीपत्रकात या सवलतीची एक ओळ नसणं ही डिस्ट्रिक्टची स्वतःच्याच पायावर मारलेली कुऱ्हाड आहे.

मतदार पुस्तिका

पुस्तिकेत बाजूनं आणि विरोधात लिहायला प्रत्येकी जास्तीत जास्त तीन जणांची समिती असते. छोट्या गावात विरोधाची समिती पुष्कळदा मिळतच नाही, आणि ती जागा रिकामी जाते. रिकाम्या जागेमुळे मतदाराचं नुकसान होतं, कारण बाजूच्या समितीला कोणी प्रश्न विचारत नाही. विरोधी मजकूर असेल तर तो आधी वाचा, मग त्यातल्या आकड्यांना बाजूच्या मजकुरात उत्तर आहे का ते शोधा.

मत देण्याची सोय

सर्वांत जास्त गुण इथं. मतपत्रिका किमान १८ दिवस आधी घरच्या पत्त्यावर पोस्टानं रवाना होते, परतीच्या पाकिटाला तिकीट लावावं लागत नाही, ड्रॉप बॉक्स (मतपत्रिका टाकायच्या सरकारी पेट्या) मतदानाच्या दिवशी रात्री ८ पर्यंत उघडे असतात. नाव नोंदवायचं राहिलं असेल तर ऑनलाइन किंवा पोस्टानं ८ दिवस आधीपर्यंत, आणि काउंटीच्या कार्यालयात प्रत्यक्ष जाऊन मतदानाच्या दिवशीही नोंदवता येतं.

गडबड होते ती दोन ठिकाणी. पोस्टानं पाठवलेल्या मतावर मतदानाच्या दिवसापर्यंतचा शिक्का हवा. गावच्या पोस्टपेटीत टाकलेलं पत्र आधी दूरच्या वर्गीकरण केंद्रावर जातं आणि शिक्का तिथं पडतो, कधी कधी दुसऱ्या दिवशीचा. शेवटच्या दोन-तीन दिवसांत ड्रॉप बॉक्सच वापरा. तो फारच दूर असेल तर पोस्टाच्या खिडकीवर जाऊन समोर हातानं शिक्का मारून घ्या. दुसरी गडबड सहीची. पाकिटावरची सही नोंदणीतल्या सहीशी जुळली नाही तर काउंटी तुम्हाला कळवते, आणि निकाल प्रमाणित होण्याच्या आदल्या दिवसापर्यंत ती दुरुस्त करता येते. विशेष निवडणुकीत प्रमाणपत्र दहाव्या दिवशी होतं, म्हणजे हातात वेळ फार नसतो. राज्याच्या संकेतस्थळावर आपलं मत पोचलं का हे पाहता येतं. पाहाच.

नागरिकत्व नसेल तर मत नाही, ग्रीन कार्ड असलं तरी नाही. कर मात्र सगळ्यांनाच, भाड्यानं राहणाऱ्यालाही भाड्यातून. पण बोर्डाच्या सभेत बोलायला नागरिकत्व लागत नाही, आणि लहान डिस्ट्रिक्टच्या सभेत अनेकदा पाच बोर्ड सदस्य आणि चार श्रोते असतात. तिथं विचारलेल्या एका नेमक्या प्रश्नाला वजन असतं.

तारखांचं गणित

लेव्ही फेब्रुवारीतच का येते, यावर लोकांना संशय असतो: ‘कोणाचं लक्ष नसताना उरकतात’. कमी मतदान होतं हे खरं आहे. पण कारण वेगळं आहे. फेब्रुवारीचा दुसरा मंगळवार आणि एप्रिलचा चौथा मंगळवार या विशेष निवडणुकांच्या तारखा. एका वर्षात लेव्ही दोनदाच मांडता येते. फेब्रुवारीत पडली तर एप्रिलमध्ये पुन्हा मांडता येते. ठराव मात्र निवडणुकीच्या ६० दिवस आधी द्यावा लागतो, म्हणजे फेब्रुवारीचा निकाल लागताच बोर्डानं काही दिवसांत ठरवायचं असतं. आणि पुढच्या वर्षी करार न वाढवण्याची नोटीस शिक्षकांना १५ मेपर्यंत द्यावी लागते. एप्रिलचा निकाल आणि ही तारीख यांत जेमतेम तीन आठवडे असतात. म्हणून फेब्रुवारीत लेव्ही पडली की गावात नोकरकपातीच्या याद्या फिरू लागतात. लोक त्याला धमकी समजतात, पण ती यादी कायद्याच्या तारखेमुळे करावीच लागते.

दोन्ही वेळा पडली तर काय होतं, हे फारच थोड्या पत्रकांत नीट सांगितलेलं असतं. समजा, चालू लेव्हीची वसुली २०२६ अखेर संपते आहे आणि २०२६ मध्ये दोन्ही प्रस्ताव पडले. पुढचा प्रयत्न २०२७ च्या फेब्रुवारीत. तो मंजूर झाला तरी वसुली २०२८ च्या जानेवारीपासून. म्हणजे २०२७ हे अख्खं वर्ष स्थानिक लेव्ही नाही, आणि त्याबरोबर राज्याची भरही नाही. शाळेचं आर्थिक वर्ष सप्टेंबर ते ऑगस्ट असल्यामुळे हा खड्डा दोन शैक्षणिक वर्षांवर पसरतो.

बॉन्ड: इथं गुण कापावे लागतात

लेव्हीला साधं बहुमत पुरतं. ते २००७ च्या घटनादुरुस्तीनं झालं, तीही थोडक्या फरकानं मंजूर झालेली. इमारतीसाठीच्या बॉन्डला मात्र अजून ६० टक्के ‘होय’ लागतात, आणि शिवाय एकूण मतदान आधीच्या सर्वसाधारण निवडणुकीच्या किमान ४० टक्के झालं पाहिजे. हजार मतांत ५९० जण ‘होय’ म्हणाले तरी बॉन्ड पडतो. आणि नोव्हेंबरात २,६०० लोकांनी मत दिलं असेल तर फेब्रुवारीत किमान १,०४० मतं पडायला हवीत. हजार मतं पडली आणि त्यांत ७०० ‘होय’ असले तरी बॉन्ड पडलाच. राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीनंतरच्या फेब्रुवारीत ही अट सर्वांत जाचक, कारण आधीचं मतदान भरघोस झालेलं असतं. घरी बसून राहणाराही इथं ‘नाही’ म्हणतो. शेजारच्या आयडाहोमध्ये तर बॉन्डला दोन-तृतीयांश मतं लागतात. कॅलिफोर्नियानं २००० साली ही अट ५५ टक्क्यांवर आणली, वॉशिंग्टनच्या विधिमंडळात असे प्रस्ताव पुन्हा पुन्हा येतात आणि अडकतात.

यातून सुटण्याचा एक रस्ता वॉहकायकम डिस्ट्रिक्टनं शोधून पाहिला. कोलंबिया नदीकाठच्या कॅथलामेट गावचा हा डिस्ट्रिक्ट, पाचशेपेक्षा कमी मुलांचा. त्यांचा दावा असा, की शिक्षण पुरवणं राज्याचं कर्तव्य असेल तर सुरक्षित इमारतही त्यातच आली. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं तो फेटाळला: इमारतींचा खर्च मॅक्लिअरीच्या कक्षेत येत नाही. म्हणजे नर्सच्या तासांसाठी राज्याकडे बोट दाखवता येतं, गळक्या छपरासाठी नाही. आमच्या मते हा निकाल ग्रामीण शाळांना सर्वांत महाग पडला आहे.

मग पर्याय उरतो कॅपिटल लेव्हीचा, म्हणजे इमारतींच्या कामांसाठीच्या लेव्हीचा. जास्तीत जास्त ६ वर्षं, साधं बहुमत, व्याज नाही. कागदावर हा उत्तम वाटतो. पुन्हा तेच ४० कोटींचं डिस्ट्रिक्ट घ्या आणि १ कोटी २० लाख डॉलरचं काम. ४ टक्के व्याजानं २० वर्षांचा बॉन्ड काढला तर वर्षाचा हप्ता सुमारे ८ लाख ८३ हजार, दर सुमारे २.२१, तीन लाखांच्या घराला वर्षाला साधारण ६६२ डॉलर. सहा वर्षांची कॅपिटल लेव्ही घेतली तर वर्षाला २० लाख, दर ५.००, त्याच घराला १,५०० डॉलर. एकूण खर्च बघितला तर लेव्ही स्वस्त: या घराकडून सहा वर्षांत ९,००० डॉलर जातात, बॉन्डमध्ये २० वर्षांत सुमारे १३,२४५. पण दर वर्षी दीड हजार डॉलर, तेही नेहमीच्या लेव्हीवर, हे लहान गावाला पेलत नाही. म्हणून कॅपिटल लेव्ही छप्पर, बॉयलर, वायरिंग, दारांची कुलपं अशा कामांसाठी योग्य. नवी शाळा बांधायला ती श्रीमंत डिस्ट्रिक्टचं हत्यार आहे.

बॉन्डच्या पत्रकात दोन वाक्यं डोळ्यांत तेल घालून वाचावीत. एक: ‘कराचा दर वाढणार नाही’. बहुतेक वेळा याचा अर्थ जुना बॉन्ड फिटतो आहे आणि नवा त्याच्या जागी बसवला आहे. नवा आला नसता तर दर उतरला असता, हे त्यात धरलेलं नसतं. दोन: ‘राज्याची मदत मिळेल’. ही मदत आधी स्थानिक हिस्सा उभा राहिल्यावरच मिळते, आणि राज्य ज्या चौरस फुटांच्या भावानं हिशेब करतं तो प्रत्यक्ष बांधकाम खर्चापेक्षा कमी असतो. ‘५० टक्के मदत’ म्हणजे बिलाच्या अर्धे नव्हेत. विचारा: मदत डॉलरमध्ये किती? पटसंख्या १,००० किंवा कमी असेल तर लहान डिस्ट्रिक्टसाठी इमारत सुधारणेचं वेगळं अनुदान आहे. तिथं अर्ज केला का, हाही प्रश्न बोर्डाला विचारण्यासारखा. बॉन्डविरुद्ध मत द्यायच्या आधी तर नक्कीच.

कोणासाठी काय

नोकरीनिमित्त दोन-तीन वर्षं राहून जाणार असाल तरी लेव्हीचं पाकीट उघडा. नेहमीची लेव्ही जास्तीत जास्त चार वर्षांची असते आणि तिचा उपयोग तुमची मुलं शाळेत असतानाच होतो. बॉन्डचा हप्ता घर विकल्यावर पुढच्या मालकाकडे जातो, हे घर घेताना उलट बाजूनंही ध्यानात ठेवा: खरेदीआधी डिस्ट्रिक्टचे चालू बॉन्ड कोणत्या वर्षी फिटतात ते असेसरच्या कार्यालयात किंवा डिस्ट्रिक्टच्या बिझनेस मॅनेजरला विचारा.

पाकीट आलं की हा क्रम धरा. तक्त्यातल्या रकमांची ओळ संपणाऱ्या लेव्हीशी ताडा. असेसरच्या पानावरून आपलं मूल्य घेऊन बिल काढा. घरात करसवलतीला पात्र कोणी आहे का ते पाहा. राज्याची भर किती ते डिस्ट्रिक्टला विचारा. मग मत द्या, पाकिटावर नोंदणीतल्यासारखीच सही करा, आणि ड्रॉप बॉक्समध्ये टाका.